सर्वांगाचा तक्ता

मोशीतल्या बहुतेक व्यायामशाळांत भिंतीवर एक तक्ता लावलेला दिसतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड, शुक्रवारी पुन्हा छाती आणि पोट, शनिवारी पाय. सोमवारी संध्याकाळी बेंचप्रेसच्या बाकापाशी रांग लागते. शनिवारी मात्र स्क्वॉटची चौकट मोकळी असते, कारण पायांचा वार नेमका आठवड्याच्या शेवटी येतो आणि तोवर येणाऱ्याचा उत्साह व सवड या दोन्ही गोष्टी संपलेल्या असतात.

या तक्त्याकडे आमचे लक्ष गेले ते एका साध्या विसंगतीमुळे. येथे व्यायामाला येणारा तरुण बहुधा चाकणच्या किंवा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी असे चक्र फिरत असते. या पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. म्हणजे ज्याचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही आणि ज्याची संध्याकाळ दर आठवड्याला त्याची स्वतःची असेलच असे नाही, त्याच्यापुढे सोमवार ते शनिवार रोज संध्याकाळी तासभर मोकळा असलेल्या माणसाचा तक्ता टांगलेला आहे. हा तरुण महिन्या-दोन महिन्यांत येईनासा होतो. त्यावर 'पोरांना चिकाटी नाही' असा शेरा मारला जातो. शेरा तक्त्यावर कोणी मारत नाही.

व्यायामाचा तक्ता ही आपल्याला शरीरशास्त्रातून थेट उतरलेली गोष्ट वाटते. वस्तुतः तो एक ऐतिहासिक दस्तऐवज असतो. त्याला दोन प्रश्न विचारता येतात. पहिला असा की, त्याने कोणाचा दिवस गृहीत धरला आहे? दुसरा असा की, 'सर्वांग' म्हणताना त्याच्याकडून कोणते अंग राहून गेले आहे? महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत सर्वांगव्यायामाची निदान चार निरनिराळी गणिते मांडली गेली. ती एकापुढे एक ठेवून पाहिली तर मोशीतल्या त्या तरुणासाठी काही उपयोगाचे हाती लागते का, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ अर्थातच तालमीपासून करावा लागतो. मोशीशेजारची भोसरी आजही कुस्ती आणि कबड्डीसाठी ओळखली जाते, आणि हवेली-खेडच्या गावांतून जत्रेच्या आखाड्यात रेवड्यांवरच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंतचा क्रम अजून पाळला जातो. तालमीचा व्यायाम म्हटला की आपल्याला जोर आणि बैठका आठवतात. जोर हे मराठी नाव आहे. हिंदी प्रदेशात त्याला दंड म्हणतात, आणि तिकडच्या आखाड्यात 'जोर' म्हणजे प्रत्यक्ष लढतीचा सराव. एकच शब्द दोन प्रदेशांत दोन अर्थांनी रुळावा हे सूचक आहे. आमच्या मते त्यात तालमीच्या व्यायामाचे मर्मच आहे. जोर काढणे आणि जोड धरणे ही एकाच मेहनतीची दोन टोके होती.

तालमीत जोरांनी छाती, खांदे आणि दंड तयार होत. बैठकांनी मांड्या आणि दम. मुद्गल आणि करेल फिरवून खांदे सुटे होत व पकड घट्ट होई. मल्लखांब आणि दोर चढणे यांतून ओढण्याची ताकद येई. दगडी नाल उचलण्यात कंबर आणि पाठ कामाला लागे. यांशिवाय आणखी एक व्यायाम होता व तो कोणी व्यायाम म्हणून मोजत नसे. तो म्हणजे हौद्यातील माती फावड्याने उकरून सारखी करणे. तेल, ताक आणि हळद मुरलेली ती जड माती रोज खणायची म्हणजे कमरेत वाकून, पाठ आवळून, ओझे स्वतःकडे खेचण्याची क्रिया शेकडो वेळा करायची. आजच्या व्यायामशाळेत डेडलिफ्ट आणि रोइंग या नावांनी जे शिकवतात, त्यातले पुष्कळसे येथे झाडलोटीच्या नावाखाली उरकले जाई. शेवटी लढत. त्यात ढकलणे, ओढणे, उचलणे आणि पेलणे हे सर्व जिवंत वजनाशी, म्हणजे दुसऱ्या माणसाशी होई.

म्हणून तालमीचा तक्ता खरोखरच सर्वांगाचा होता. तो भिंतीवर नव्हता, वस्तादाच्या डोळ्यांत होता. कोणाचा दम कमी, कोणाची कंबर कच्ची, कोणी आज ताप अंगावर काढतो आहे हे पाहून तो मेहनत ठरवी. मात्र त्याने गृहीत धरलेला दिवस कोणता होता? पहाटेपासून सकाळपर्यंत एक सत्र, दुपारी झोप, संध्याकाळी दुसरे सत्र, आणि मधल्या वेळात दूध, तूप, बदामाचा खुराक. हा दिवस ज्याच्या पोटापाण्याची काळजी दुसरा कोणी वाहतो त्याचा होता. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान उभे केले, तेव्हा हा 'दुसरा कोणी' म्हणजे राजा होता. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले, आणि पुढे पैलवानांच्या मानधनाचा भार काही प्रमाणात सहकारी साखर कारखान्यांनी उचलला. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, पण त्यांच्या प्रवासाचा खर्च लोकवर्गणीतून आणि हितचिंतकांच्या मदतीतून उभा करावा लागला होता. राजाश्रय संपला आणि दुसरा आश्रय अजून रुजायचा होता, त्या मधल्या फटीतले ते पदक आहे.

तालमीचे गोडवे गाताना आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता, आणि तालीम बहुधा पेठेची, आळीची, भावकीची असल्यामुळे तिच्या उंबरठ्यावर जात उभी असे. याला सन्माननीय अपवाद होते. पुण्यात गंजपेठेतील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले शरीर कमवायला गेले, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात जितकी महत्त्वाची आहे तितकीच व्यायामाच्या इतिहासातही आहे. पण अपवाद नियमाकडेच बोट दाखवतो. सर्वांगाचा तक्ता होता, सर्वांचा नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवा माणूस पुढे आला. तो कचेरीत, शाळेत, महाविद्यालयात बसून काम करणारा होता. त्याला शरीर हवे होते, पण पैलवान व्हायचे नव्हते. टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, ही हकिकत आपण कौतुकाने सांगतो. तिच्यातला पेच मात्र सहसा सांगत नाही. शरीर कमावण्यासाठी एक अख्खे वर्ष द्यावे लागले, म्हणजे शिकत शिकत किंवा नोकरी करत करत ते कमावण्याची रीत तेव्हा उपलब्ध नव्हती. ज्याच्याकडे दिवस नाही, अर्धा तास आहे, त्याच्यासाठी कोणी तक्ता केला नव्हता.

हा तक्ता पहिल्यांदा आला तो टपालाने. युजेन सँडो या कोनिग्सबर्गमध्ये जन्मलेल्या बलोपासकाने लंडनमध्ये राहून हलक्या डंबेल्सच्या व्यायामाचा व्यवसाय उभा केला. १८९७ साली त्याचे पुस्तक निघाले. त्यात वयानुसार कोणता व्यायाम किती वेळा करायचा याची कोष्टके होती. वस्तादाच्या डोळ्यांची जागा छापील कोष्टकाने घेतली. हा बदल लहान नव्हता. आता लिहिता-वाचता येणारा कोणीही, खोलीचे दार लावून, आरशापुढे उभा राहून व्यायाम करू शकत होता. १९०४-०५ च्या सुमारास सँडोने हिंदुस्थानचा दौराही केला. त्याच्या चाहत्यांत एक मराठी संस्थानिक होते. ते म्हणजे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी.

भवानरावांनी सँडोची साधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे तो व्यायाम निष्ठेने केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि १९०९ साली गादीवर आल्यानंतर त्यांनी संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. त्यांनी त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले. लंडनच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाखाली त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून प्रसिद्ध झाले. आज सूर्यनमस्कार म्हटले की पुरातनतेचा उल्लेख आधी होतो. नमस्काराची परंपरा जुनी आहेच. परंतु ठरावीक संख्या, ठरावीक क्रम, रोजचा हिशेब, शाळेच्या वेळापत्रकातील जागा आणि घरच्या घरी करण्याची सोय या सर्व गोष्टी ज्या तऱ्हेने औंधला एकत्र आल्या, त्यात सँडोच्या कोष्टकाचा वास आहे असे आम्हांस वाटते. हा राजा एका परदेशी तक्त्याने घडला आणि त्याने त्याला देशी उत्तर दिले.

उत्तर मोठे उदार होते. त्याला साधन लागत नव्हते, जागा लागत होती ती एका सतरंजीएवढी, आणि ते स्त्रियांसाठीही होते. राजाच्या घरातील स्त्रिया ते करत आणि पुस्तकाचा रोखही त्यांच्याकडे होता. तालमीचा उंबरठा येथे ओलांडला गेला. पण दुसरा प्रश्न विचारल्यावर उणीव दिसते. नमस्कारात आपण वाकतो, ताणतो, जमिनीला ढकलतो. काही ओढत मात्र नाही. दोर नाही, मल्लखांब नाही, हौद्याची माती नाही. जोर आणि बैठका तालमीतून उचलून घरी आणणाऱ्यांचीही हीच गत झाली. मातीशिवायचे जोर म्हणजे ढकलणे उरले आणि खेचणे गेले. दिवसभर टेबलापाशी पुढे झुकून बसणाऱ्या कारकुनाला ज्या पाठीची सर्वाधिक गरज होती, तीच त्याच्या सर्वांगव्यायामातून सुटली.

तिसरे गणित समूहाचे होते. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात देशी व्यायामांना सामुदायिक कवायतीचे रूप दिले आणि त्यासाठी देशी भाषेतल्या आज्ञा रूढ केल्या. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापले. १९२४ साली पुण्यात शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले, आणि त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम सुरू झाले. १९३६ साली अमरावतीच्या मंडळाचे पथक बर्लिनला जाऊन आपल्या व्यायामांची प्रात्यक्षिके करून आले. ज्या मल्लविद्येला राजाच्या आश्रयाची सवय होती ती आता शिट्टीच्या तालावर, शेकडोंच्या रांगांत, राष्ट्राच्या नावाने चालू लागली. या सर्व खटाटोपाचे मोठे स्मारक म्हणजे दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून संपादिलेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश. त्याचा एका खंडातील इंग्रजी अवतार १९५० साली निघाला. आखाड्यांतून मुखोद्गत चालत आलेले व्यायामप्रकार चित्रांसह, वर्गवारीसह, नावांसह तेथे नोंदवले गेले. एरवी त्यातील कित्येक नावे वस्तादांबरोबर गेली असती.

समूहाच्या तक्त्याने कोणाचा दिवस धरला होता? विद्यार्थ्याचा. शाळेच्या मैदानावर एक तास, सर्वांनी एकदम, सारखाच. त्याच्याकडून राहिले ते कोणतेही एक अंग नव्हते, राहिला तो एकटा माणूस. जो दुबळा आहे त्याला रांगेची गती जास्त होते आणि जो बळकट आहे त्याला कमी. आज जितके केले त्याहून उद्या थोडे अधिक, ही वाढीची कल्पना रांगेत बसत नाही. तालमीत ती होती, पण बहुधा आकड्यांच्या रूपाने. शंभर बैठका मारणारा पुढे दोनशे मारी, मग पाचशे. गामाच्या नावावर सांगितले जाणारे हजारांचे आकडे याच हिशेबातले आहेत. संख्या वाढवत नेली की दम वाढतो आणि चिवटपणा येतो. निव्वळ बळ मात्र एका मर्यादेपुढे वाढत नाही, आणि वेळ मात्र वाढत जातो. पाचशे बैठकांना जितका वेळ लागतो तितका वेळ सगळ्या दिवसातून मिळणाऱ्याला हे गणित मुळातच परवडत नाही.

या गाठीची उकल आली ती एका लष्करी रुग्णालयातून, आणि म्हणून येथे थोडे सातासमुद्रापलीकडे जाणे भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या अमेरिकन सैनिकांचे गुडघे बरे झाले तरी मांड्या दुबळ्याच राहत. हलके वजन पुष्कळ वेळा हलवणे हा तेव्हाचा उपचार होता आणि त्याला महिने लागत. थॉमस डेलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर स्वतः वजने उचलणारा होता. शिकागोच्या रुग्णालयात त्याने उलटा प्रयोग केला. त्याने जड वजन दिले, थोड्या वेळा दिले, आणि ते क्रमाक्रमाने वाढवत नेले. १९४५ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने पद्धत सुटसुटीत केली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते ठरवायचे. पहिल्या सेटमध्ये त्याच्या निम्मे, दुसऱ्यात पाऊण आणि तिसऱ्यात पुरे वजन घेऊन दहा-दहा आवर्तने करायची. आज मोशीतला प्रशिक्षक 'तीन सेट, दहा रेप' असे म्हणतो तेव्हा तो नकळत त्या रुग्णालयातील उपचारपत्रच वाचत असतो.

डेलॉर्मने मोजणी बदलली. किती वेळा, याऐवजी किती जड, हा प्रश्न आला. त्यामुळे व्यायामाचा वेळ आटोक्यात राहिला. जड वजनानंतर स्नायूला विश्रांती लागते, हेही व्यायाम करणारे अनुभवाने जाणत होते. म्हणून त्या काळच्या शरीरसौष्ठवपटूंची रूढ पद्धत आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, आणि दर वेळी सर्व अंगांचा व्यायाम अशी होती. १९४७ सालचा मिस्टर अमेरिका स्टीव्ह रीव्ह्ज याच पद्धतीचा. १९७६ साली बिल स्टार या प्रशिक्षकाने फुटबॉल खेळाडूंसाठी लिहिलेल्या पुस्तकात तीनच मुख्य व्यायाम आणि जड, हलका, मध्यम असे तीन दिवस सांगितले. सर्वांगव्यायामाचे हे चौथे गणित. त्याने कामधंदा असलेल्या माणसाचा आठवडा गृहीत धरला होता.

मग आमच्या भिंतीवर सहा दिवसांचा तक्ता कोठून आला? १९५० नंतर अमेरिकेत शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा आणि मासिके वाढली, आणि एकेका स्नायूवर स्वतंत्र दिवस खर्च करण्याची रीत बोकाळली. १९५८ साली डायनाबॉल हे स्टेरॉइड बाजारात आले. औषधांच्या आधाराने एरवी न झेपणारी मेहनत झेपू लागली. १९७७ च्या 'पंपिंग आयर्न' या चित्रपटाने श्वार्झनेगरच्या पिढीची व्यायामशाळा जगभर दाखवली. त्या माणसांचा व्यवसायच शरीर हा होता. पैलवानासारखाच त्यांचाही सारा दिवस त्यासाठी मोकळा होता. मासिकांतून आणि पुढे पडद्यावरून त्यांचा तक्ता तेवढा आपल्याकडे आला. त्यामागचा दिवस, खुराक आणि औषधे मात्र चित्राबाहेर राहिली. वस्तादाच्या जागी छापील कोष्टक आले तेव्हा निदान ते कोष्टक सामान्य माणसासाठी लिहिलेले होते. हे तसेही नव्हते.

आणि ते उतरले कोठे, तर कारखान्यांच्या गावात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीची शेते भूखंडांत मोजली जाऊ लागली. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महापालिका झाली. १९९७ साली इंद्रायणीकाठची मोशी त्या महापालिकेत आली. पलीकडे चाकणला मोटारींचे कारखाने उभे राहिले. पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या या गावाचे दोन पिढ्यांत उपनगर झाले. शेतावरचे काम कष्टाचे होते, पण ऋतूप्रमाणे बदलणारे होते. नांगरणी, खुरपणी, मोट, मळणी यांत शरीराचे निरनिराळे भाग आळीपाळीने कामाला लागत. जुळणीच्या साखळीवरचे काम तसे नसते. तेथे एक माणूस आठ तास तेच बोल्ट आवळतो, तोच भाग उचलून त्याच खाचेत बसवतो. थकवा सर्वांगाला येतो, व्यायाम एका खांद्याला होतो.

येथे एक साम्य आमच्या मनातून जात नाही. जुळणीची साखळी कामाचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याला एक ठाणे नेमून देते. भिंतीवरचा तक्ताही शरीराचे तुकडे करून प्रत्येकाला एक वार नेमून देतो. दिवसभर एका तुकड्यापुढे उभा राहिलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या तुकड्यापुढे जाऊन उभा राहतो. त्याला ज्याची गरज आहे ते नेमके उलटे आहे. काही मिनिटे तरी सबंध शरीराने एक काम करावे. खाली बसून ओझ्यासह उठावे, जमिनीवरून काही उचलावे, काही ढकलावे, काही ओढावे.

आता भावना बाजूला ठेवून निव्वळ अंकगणित पाहू. सहा दिवसांच्या तक्त्यात पायांचा वार शनिवार. पाळी बदलल्यामुळे एक शनिवार हुकला, तर दोन पायांच्या दिवसांत चौदा दिवसांचे अंतर पडते. तीन दिवसांच्या सर्वांगपद्धतीत एक दिवस हुकला तरी त्या आठवड्यात प्रत्येक अंगाला दोनदा व्यायाम झालेला असतो. ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. स्नायूंच्या वाढीसाठी आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा व्यायाम सरस ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनीच २०१९ साली पुन्हा पाहिले तेव्हा असे दिसले की, आठवड्याचे एकूण सेट सारखे असतील तर ते किती दिवसांत वाटले याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे सर्वांगपद्धतीत काही जादू नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्याला सहाही दिवस निश्चित मिळतात त्याने सहा दिवसांचा तक्ता खुशाल पाळावा. सर्वांगपद्धतीचा गुण एवढाच की ती दिवस हुकेल हे आधीच धरून चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांसाठी सर्व प्रमुख स्नायूगटांचा व्यायाम आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस सांगितला आहे. दोन दिवस पाळीच्या माणसालाही सापडतात.

मग चारही गणितांतून उचलून मोशीचा तक्ता कसा मांडावा? आम्ही तो असा मांडू. पहिली गोष्ट अशी की, तो वाराला बांधू नये. 'अ' आणि 'ब' असे दोनच दिवस असावेत आणि ते आलटून पालटून यावेत. मध्ये निदान एक दिवस मोकळा जावा. मंगळवारी 'अ' झाला आणि पुढची सवड शुक्रवारी मिळाली, तर शुक्रवारी 'ब'. काहीही हुकत नाही, फक्त पुढे सरकते. 'अ' दिवशी स्क्वॉट, बेंचप्रेस आणि रोइंग. 'ब' दिवशी डेडलिफ्ट, उभ्याने वजन डोक्यावर ढकलणे आणि पुलअप. पुलअप जमत नसेल त्याने यंत्राचा दांडा खाली ओढावा. मोठ्या स्नायूंचे काम आधी, कारण ताजेपणा आधी असतो. शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन काही फेऱ्या चालावे. ही जुन्या नालेची आठवण आहे, आणि कंबर व पकड यांसाठी तिच्याइतके साधे दुसरे काही नाही.

औंधचे ऋण आरंभी फेडावे. पाच-सात संथ सूर्यनमस्कार घातले की अंग गरम होते. डेलॉर्मचे ऋण सेटमध्ये आहे. आधी एक-दोन हलके सेट, मग आठ ते बारा आवर्तनांचे दोन किंवा तीन खरे सेट, मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती. शेवटची दोन आवर्तने कठीण जावीत, पण ढब बिघडू नये. सर्व सेटमध्ये बारा आवर्तने सुखाने होऊ लागली की पुढच्या खेपेस अडीच किलो वाढवावे आणि पुन्हा आठपासून चढावे. नवख्याने वीस किलोच्या मोकळ्या दांड्यापासून किंवा त्याहूनही हलक्या वजनापासून आरंभ करण्यात लाज नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा पाठीचे जुने दुखणे असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारावे. एवढे सर्व पाऊण ते एका तासात होते. रात्रपाळी असेल तर घरी येताच व्यायामाला न जाता आधी झोपावे, आणि उठल्यावर, पाळीवर निघण्याआधी व्यायाम करावा. झोप हा तक्त्याबाहेरचा भाग नव्हे. तालमीत दुपारची झोप मेहनतीइतकीच सक्तीची होती, हे आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत.

तालमीचे ऋण मात्र तक्त्यात फेडता येत नाही, कारण ते आकड्यांचे नाही. तालमीत एक माणूस पाहणारा होता. त्याला तुमचे नाव ठाऊक होते, काल तुम्ही का आला नाहीत हे ठाऊक होते, आणि आज तुम्हांला किती झेपेल हेही ठाऊक होते. त्या जागी आधी कोष्टक आले, मग शिट्टी आली, मग मासिकाचे पान आले, आणि आता हातातल्या पडद्यावरचा कोणी अनोळखी सुदृढ मनुष्य आला आहे. प्रत्येक वेळी व्यायाम अधिक लोकांपर्यंत पोहोचला, हे खरेच आहे, आणि तो लाभ परत करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. बंद उंबरठ्याआडच्या वस्तादापेक्षा उघड्या दाराची व्यायामशाळा कधीही बरी. पण प्रत्येक वेळी पाहणारा डोळा थोडा दूर गेला, हेही तितकेच खरे.

मोशीच्या व्यायामशाळेतला प्रशिक्षक हा बहुधा याच पट्ट्यातला मुलगा असतो. त्याला पाळ्या ठाऊक असतात. त्याचा भाऊ किंवा मित्र तिसऱ्या पाळीला जात असतो. त्याने एकदा तो तक्ता भिंतीवरून उतरवावा, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला आधी एवढेच विचारावे की, बाबा, या आठवड्यात तुझी पाळी कोणती? वस्तादाचा पहिला प्रश्न याहून वेगळा नसता.